घेवडा : आपला कोणता, पाहुणा कोणता?

पुण्यात मंडईत श्रावण घेवडा मागितला की फरसबी मिळते. नाव अगदी आपले, पण मूळ अमेरिकेचे. १४९२ नंतर युरोपीय जहाजांतून ती जगभर पसरली. ‘फरसबी’ म्हणजे फ्रेंच बीनच! २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला कोरेगावचा वाघ्या घेवडाही तिच्याच कुळातला.

आपला जुना तो वाल-पावटा, संस्कृतातला ‘निष्पाव’. भगवती सूत्रात धान्याची उगवण्याची शक्ती किती टिकते ते सांगितले आहे : साळ, गहू, जव जास्तीत जास्त तीन वर्षे, मूग, मसूर, निष्पाव, कुळीथ पाच, जवस, करडई सात. तेही कोठीत भरून, तोंड लिंपून ठेवलेले. मी कॉमर्सवाली, मला हा साठ्याचा हिशोब फार आवडतो.

गच्चीसाठी मी वेलीचा पावटाच निवडते. फरसबी दोन महिन्यांत शेंगा देते. पावट्याच्या जुन्या जाती मात्र आषाढात लावल्या तरी दिवस लहान होईपर्यंत फुलत नाहीत. नुसता पाला वाढतोय म्हणून वेल उपटू नका. शेंगा येतात चातुर्मास संपता संपता. चार चांगल्या शेंगा वेलीवरच वाळू द्या आणि बियांच्या डबीवर साल लिहून ठेवा.