मालवणपासून न्हावा-शेव्यापर्यंत

कोल्हापूर, म्हणजेच करवीर, हे सह्याद्रीच्या पाठीशी वसलेले नगर असून त्याची कीर्ती गूळ, कुस्ती आणि वहाणा यांच्यावर उभी आहे. परंतु ज्या काळी करवीरकर छत्रपतींचा अंमल घाटाखाली तळकोकणात नांदत होता त्या काळी या राज्याला स्वतःचे आरमार होते, सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग होता आणि मालवणसारखे बंदर होते, ही गोष्ट आज खुद्द कोल्हापुरातही फारशी कोणाच्या बोलण्यात येत नाही. करवीरच्या राणी जिजाबाईसाहेबांच्या कारकिर्दीत या आरमाराचा उपद्रव मुंबईकर इंग्रजांना असह्य होऊन १७६५ साली त्यांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे फोर्ट ऑगस्टस असे नामकरण केले. पुढे तह होऊन किल्ला परत मिळाला खरा, पण १८१२ च्या तहनाम्याने मालवण बंदर सिंधुदुर्गासह कायमचे कंपनी सरकारच्या स्वाधीन झाले आणि करवीरची दर्यावरची वहिवाट संपली.

उरली ती घाटवाट. आंबा, अणस्कुरा, फोंडा, गगनबावडा या वाटांनी मीठ, नारळ, कोकम, सुके बोंबील आणि जवळा वर येत आणि गूळ, मिरची, जोंधळा खाली उतरे. या यादीकडे किंचित लक्ष देऊन पाहिले म्हणजे ध्यानात येते की तिच्यात नाशवंत असे जवळजवळ काहीच नाही. जे वाळते, खारते किंवा आटवून घट्ट होते तेवढेच घाट ओलांडू शकत असे. ताजा मासा आणि पिकला आंबा यांची मजल फार तर एका रात्रीची.

करवीरची बंदरे गेल्यावर वीस-एकवीस वर्षांनी, म्हणजे १८३३ साली, फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनजवळच्या तलावांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, ‘टस्कनी’ नावाच्या शिडाच्या जहाजाने कलकत्त्यास धाडला. निघताना १८० टन असलेला हा माल चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उरला, आणि तेवढ्यावरही व्यवहार फायद्याचा ठरला. सरकारने या अपूर्व मालावरची जकात माफ केली आणि तो रात्री उतरवून घेण्याची मुभा दिली. पुढल्याच वर्षी बर्फ मुंबईस आला. जमशेटजी जीजीभाईंनी आपल्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले, त्यानंतर यजमान-पाहुण्यांस पडसे झाले आणि ‘मुंबई समाचार’ने परक्यांचे अनुकरण करणाऱ्यांना हे योग्यच शासन झाले अशा अर्थाची टिप्पणी केली, असे मुंबईच्या जुन्या हकीकतींत सांगतात. हा बर्फ साहेबलोकांच्या पेल्यात आणि रोग्यांच्या कपाळावर खर्ची पडे. त्याच्या आधाराने नाशवंत अन्न सातासमुद्रापार न्यावे ही तजवीज अजून दूर होती.

ती कधी साधली याची खूण करवीरच्या दोन छत्रपतींच्या विलायत-प्रवासांत सापडते. तरुण राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले, परतीच्या वाटेवर त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्स येथे निधन पावले, आणि त्यांनी इंग्रजीत लिहिलेली रोजनिशी पुढे १८७२ साली प्रसिद्ध झाली. त्या काळच्या आगबोटींवर उतारूंसाठी जिवंत मेंढरे आणि कोंबड्या बाळगीत. ताजे मांस हवे तर जनावर बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेले तेव्हा टपालबोटींवर शीतकोठ्या रूढ झाल्या होत्या आणि लंडनच्या बाजारात न्यूझीलंड व अर्जेंटिना येथले गोठवलेले मांस राजरोस विकले जात होते. शाहू महाराजांच्या त्या प्रवासाचे स्मरण आपण राखीव जागांच्या हुकुमामुळे ठेवतो, आणि ते योग्यच आहे. पण दोन प्रवासांमधल्या बत्तीस वर्षांत समुद्राच्या उपयोगाचे स्वरूपच पालटले होते, हेही त्याबरोबर नोंदवावयास हरकत नाही.

या पालटात १८८२ साली न्यूझीलंडहून निघालेले ‘ड्युनेडिन’ जहाज विशेष प्रसिद्ध आहे. पोर्ट चामर्स बंदरात मेंढरे जहाजावरच गोठवीत असता यंत्राचा दांडा मोडला आणि साडेसहाशेच्या आसपास मेंढरे काढून गावातच विकावी लागली. दुरुस्ती होऊन फेब्रुवारीत जहाज निघाले, तेव्हा बाष्पयंत्राच्या ठिणग्यांनी शिडांना आग लागण्याची धास्ती. आणि उष्ण कटिबंधात आल्यावर कोठारात थंड हवा सारखी पसरेना, म्हणून कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या नळात शिरला, तेथे भोके पाडता पाडता थंडीने इतका बधिर झाला की पायाला दोरी बांधून त्याला ओढून काढावे लागले. अठ्ठ्याण्णव दिवसांनी जहाज लंडनला लागले आणि पाच हजारांच्या आसपास मेंढरांपैकी अवघे एक टाकाऊ ठरले. इतिहासकार या यशाचे श्रेय यंत्राला देतात. मला मात्र ते मेंढरे कापण्यासाठी टोटारा येथे मुद्दाम उभारलेल्या कत्तलखान्याला आणि तेथून बंदरापर्यंत माल गार राखून नेणाऱ्या रेल्वेच्या डब्यांनाही द्यावेसे वाटते. शीतमालाचा घात समुद्रावर क्वचित होतो, बहुधा तो जमिनीवरच झालेला असतो.

आमच्याकडील अनुभव याहून निराळा नाही. कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ साली, मिरजेहून, म्हणजे समुद्राकडे पाठ करून. पुण्याजवळ गणेशखिंडीच्या प्रयोगक्षेत्रावर डॉ. चीमा आणि त्यांचे सहकारी यांनी १९३० नंतरच्या दशकात हापूस आंबा शीतगृहात किती अंशांवर किती दिवस टिकतो याचे परिश्रमपूर्वक शोधन केले. पण आंबा फार थंडाव्यात काळवंडतो आणि मग पिकतच नाही, ही त्याची खोड अशी अवघड की हापूसाने पुढे विमानाचाच आश्रय घेणे पसंत केले.

कोळंबीने मात्र थंडी मानवून घेतली. १९५३ साली कोचीनहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेस रवाना झाली आणि त्यानंतरच्या काळात तोच उद्योग रत्नागिरीच्या किनाऱ्यावर रुजला. डोके काढलेली, धुतलेली कोळंबी ट्रेमध्ये मापाने भरून वर पाणी ओततात, उणे ४० अंशांपर्यंत थंड केलेल्या दोन पाट्यांमध्ये तो ट्रे दाबून ठेवतात, आणि काही तासांनी बर्फाच्या पातळ कवचात बंदिस्त झालेली दोन किलोंची वीट बाहेर येते, जी पुढे उणे १८ अंशांवर महिनोन्‌महिने राहू शकते. राणी माशाचा लगदा करून गोठवण्याचा जपानी प्रकारही रत्नागिरीत स्थिरावला आहे. एवढी निवडक कोळंबी जहाजावर चढल्यानंतर उरलेली मासळी बर्फाच्या खोक्यांतून आंबा घाटाने रातोरात कोल्हापुरास येते, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या गावात शुक्रवारी-रविवारी बांगड्यासाठी झुंबड उडते. उत्तम माल परदेशी जातो याची तक्रार करणारा करवीरकर मला अद्याप भेटलेला नाही.

द्राक्षांची हकीकत या सर्वांत अधिक बोधक आहे, कारण ती शेजारच्या तासगाव-मिरज भागातली. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले आणि १९९१ साली बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी ‘महाग्रेप्स’ स्थापन केली. देठ सुकणे, मणी गळणे आणि बुरशी हे द्राक्षाचे तीन वैरी. तिघांचाही बंदोबस्त तोडणीनंतरच्या पहिल्या काही तासांत करावा लागतो. म्हणून ऊन चढण्यापूर्वी घड उतरवून, कात्रीने खराब मणी छाटून, खोक्यात भरून ते तडक प्री-कूलिंगच्या खोलीत नेतात, आतली ऊब काढून घेतात, वर सल्फर डायऑक्साइड वायू हळूहळू सोडणारा कागद पसरतात आणि मगच शून्य अंशाच्या आसपास राखलेल्या रीफर कंटेनरात माल चढवतात. सुवेझमार्गे रॉटरडॅम गाठण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधक औषधाचे अंश आढळल्याने युरोपच्या बाजारात आपली द्राक्षे अडकून पडली, तेव्हा थंडावा शाबूत असूनही माल पडून राहतो हे बागायतदार शिकले. आणि २०२३ अखेरपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा तीन आठवड्यांचा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागला.

रत्नागिरी कोल्हापूरपासून सुमारे १३० किलोमीटर, आणि न्हावा-शेवा सुमारे साडेतीनशे. तरीही या मुलखातला रीफर कंटेनर जवळच्या समुद्राला टाळून उत्तरेची वाट धरतो. जयगडला नवे बंदर झाले, पण त्याचा मुख्य व्यवहार कोळशासारख्या सुट्या मालाचा. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची आखणी होऊन तिला मंजुरीही मिळाली असली तरी रूळ अजून पडलेले नाहीत, आणि जोवर ते पडत नाहीत तोवर करवीरच्या व्यापाऱ्याला विजेवर चालणारा गारवा डिझेलच्या खर्चाने पुणे, खंडाळा, पनवेल असा फिरवूनच जहाजापर्यंत न्यावा लागणार आहे.