एकच खुर्ची, अनेक दावेदार : 'ऑनलोड'चा इतिहास

१/ वेबपान उघडते, मजकूर दिसतो, चित्रे उमटतात. पण बटण दाबले तरी काहीच घडत नाही. या क्षणभराच्या मौनामागे सुमारे तीस वर्षांचा इतिहास आहे.

२/ मे १९९५. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना सिद्ध केला. तीच पुढची जावास्क्रिप्ट. चित्रांसकट सारे पान उतरले की एखादे फंक्शन चालवावे, यासाठी तिच्यात 'ऑनलोड' ही सोय आली.

३/ मात्र या सोयीत जागा एकाच फंक्शनची होती. 'विंडो.ऑनलोड'वर दुसरे फंक्शन नेमले की पहिले मुकाट्याने पुसले जाई. एररसुद्धा दिसत नसे. एका पानावर दोघांच्या स्क्रिप्ट आल्या, तर शेवटचीच टिके.

४/ नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेने 'ॲड इव्हेंट लिसनर'ला मान्यता दिली. आता एकाच घटनेला कितीही फंक्शने जोडता येणार होती. पण तेव्हा बहुसंख्य लोक वापरत असलेल्या इंटरनेट एक्सप्लोररची पद्धत निराळीच होती.

५/ मे २००४ मध्ये ब्रिटिश प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी 'ॲडलोडइव्हेंट' हे चिमुकले फंक्शन मांडले. आधीचे फंक्शन जपून ठेवायचे आणि नव्याच्या अगोदर तेही चालवायचे, एवढीच युक्ती. खुर्ची एकच राहिली. दावेदारांची रांग लागली.

६/ मग प्रश्न उरला वेळेचा. 'ऑनलोड' शेवटचे चित्र येईपर्यंत थांबे. एचटीएमएल वाचून होताच सूचना देणारी 'डॉमकंटेंटलोडेड' ही घटना मोझिलाकडे होती. इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ती २०११ साली, नवव्या आवृत्तीत आली. तोवर डीन एडवर्ड्स यांच्यासारख्या प्रोग्रामरांनी आडवाटा शोधल्या.

७/ जानेवारी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या बारकॅम्पमध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी सादर केली. तिच्या 'रेडी'ने ब्राउझरांमधले हे भेद झाकले. पान तयार होताच काम सुरू करणे एका ओळीचे झाले.

८/ सोपे झाले म्हणून सगळेच तिथे लोटले. मेनू, स्लाइडशो, जाहिराती, मोजणी, सारे एकाच क्षणी! जावास्क्रिप्ट मात्र पानाच्या एकाच मेन थ्रेडवर चालते. ती कामे संपेपर्यंत क्लिकला उत्तर मिळत नाही. आज ५० मिलिसेकंदांहून लांबलेले काम 'लाँग टास्क' गणले जाते.

९/ त्यातून शिस्त घडली. वाचकाला लगेच लागणारे काम 'डॉमकंटेंटलोडेड'वर, दुय्यम काम 'लोड'नंतर, उरलेले गरज पडेल तेव्हा; लांब काम तुकड्यांत. मार्च २०२४ पासून तर क्लिकला प्रतिसाद किती लवकर मिळतो, हे गूगलच्या 'कोअर वेब व्हायटल्स'मध्ये 'आयएनपी' या मापाने मोजले जाते.

१०/ आधी भांडण जागेचे होते, मग वेळेचे. आता उघड्या पानासमोर बोट टेकवून बसलेल्या माणसाला किती ताटकळत ठेवायचे, एवढाच प्रश्न उरला आहे.