बदनापूरच्या तुरीची कुळकथा

मृगाच्या तोंडावर मराठवाड्यातल्या कृषी सेवा केंद्रात गेलं तर गिऱ्हाईक तुरीचं नाव घेताना सहसा दिसत नाही. ते आकडा सांगतं. ‘सातशे अकरा आली का?’ ‘सातशे छत्तीस संपली, सातशे सोळा देऊ का?’ या आकड्यांच्या आधी पिशवीवर ‘बीडीएन’ किंवा ‘बीएसएमआर’ छापलेलं असतं. दोन्हींतला ‘बी’ बदनापूरचा. जालन्याहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र इथे आहे.

बियाणं म्हटलं की जालन्याचं नाव निघतं ते महिकोमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली ही कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या कीर्तीच्या उजेडात शेजारच्या सरकारी केंद्रातलं काम झाकलंच गेलं. पण जिरायती शेतकऱ्याच्या ताटातल्या वरणाचा विचार केला तर बदनापूरचं ऋण लहान नाही.

तूर मूळची आपलीच. तिचा रानटी पूर्वज आजही ओडिशा-बस्तरच्या डोंगराळ पट्ट्यात वाढतो आणि ओडिशातल्या नवाश्मयुगीन वस्त्यांच्या उत्खननात तुरीचे जळके दाणे सापडले आहेत. आपल्याकडे अमरावती जिल्ह्यातल्या तुळजापूर गढीलाही जुनी तूर मिळाली. पुढे ती समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या जहाजांबरोबर कॅरिबियन बेटांवर पोचली. तिकडे हिरवे दाणे भातात शिजवतात. सोलून, भरडून, डाळ करून रोज खाणारे प्रामुख्याने आपणच.

मराठवाड्यात तुरीला स्वतःचं असं शेत क्वचितच मिळालं. तिफणीच्या मागे मोघा बांधायचा आणि ज्वारीच्या काही तासांनंतर एक तास तुरीचं टाकायचं, ही जुनी रीत. पुढे कापसात आणि नंतर सोयाबीनमध्येही ती अशीच पाहुणी म्हणून राहिली. ज्वारीबरोबरच्या या पेऱ्याला लोक नुसती सवय समजत, पण त्यात शहाणपण होतं. ज्वारीच्या सोबतीने तूर घेतली तर मर रोग कमी पडतो, हे नंतर प्रयोगांतही दिसून आलं. शिवाय पानगळीने जमीन सुधारायची, तुराट्या चुलीला आणि कुडाला लागायच्या, भुसकट जनावरांना जायचं. पीक एक, हिशेब चार.

मर रोग मात्र वाईट. फुलोऱ्यात आलेलं झाड, बुडाला ओल असूनही, मान टाकतं. खोड उभं चिरलं की सालीखाली काळपट तपकिरी रेघ वर चढलेली दिसते. बुरशीने पाणी नेणाऱ्या वाहिन्या बंद केलेल्या असतात आणि ही बुरशी मागे राहिलेल्या धसकटांवर पुढची दोन-तीन वर्षं जमिनीत टिकून राहते. दुसरा रोग त्याहून फसवा. त्याला वांझ रोग म्हणतात. झाड मरत नाही. उलट झुडपासारखं डवरतं, पानं मात्र बारीक आणि फिक्या-हिरव्या ठिपक्यांची होतात. फूल नाही, शेंग नाही. सगळा हंगाम हिरवं दिसून ते शेवटी मालकाच्या हातावर तुरी देतं!

बिहारातल्या पुसा येथून १९३१ साली या रोगाची नोंद झाली. तो पसरवते डोळ्यांना न दिसणारी एक कोळी जातीची कीड. तिने वाहून नेलेल्या विषाणूची ओळख पटायला मात्र २००० साल उजाडावं लागलं. तोवर शास्त्रज्ञ थांबले होते असं नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत डॉ. य. ल. नेने आणि एम. व्ही. रेड्डी यांनी १९७६ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. रोगट झाडाचं पान घ्यायचं, दहा-पंधरा दिवसांच्या रोपाच्या पानावर दुमडायचं आणि कागदाला मारतात तसा स्टेपलर मारायचा. वरचं पान सुकायला लागलं की कीड खालच्या ताज्या पानावर उतरते. एवढ्यावरही जे रोप निरोगी राहतं, ते ठेवायचं. कारण नीट कळलेलं नसताना इलाज हाती देणारी अशी युक्ती शेतीशास्त्रात मला तरी दुसरी आठवत नाही.

बदनापूरचं नाव आधी गाजलं ते सत्तरच्या दशकातल्या ‘बीडीएन १’ आणि ‘बीडीएन २’ या वाणांनी. गंमत म्हणजे हे वाण जालना जिल्ह्यापेक्षा वयाने मोठे. जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. नव्वदच्या दशकात ‘बीएसएमआर ७३६’ आला. दाणा लाल, आणि मर व वांझ दोन्ही रोगांसमोर टिकणारा. पाठोपाठ पांढऱ्या दाण्याचा ‘बीएसएमआर ८५३’, म्हणजे वैशाली. रोगाचा प्रश्न बराचसा सुटला, वेळेचा सुटला नाही. हे वाण सहा महिने घेतात. परतीचा पाऊस दगा देऊन गेला की शेंगा भरायच्या वेळी भुईत ओल उरत नाही.

म्हणून माझ्या मते या घराण्यातला खरा कर्ता ‘बीडीएन ७११’. तो २०१२ साली आला आणि त्याच वर्षी जालन्याने भीषण दुष्काळ पाहिला. दाणा पांढरा, कालावधी दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांचा. तीन-चार आठवडे आधी सुटका होते आणि कोरडवाहू रानात तेवढ्याने पीक हाती लागतं की जातं ते ठरतं. विहिरीचं एखादं पाणी देता येत असेल आणि जमीन भारी असेल तर जास्त दिवसांचा लाल दाण्याचा ‘७१६’ किंवा अलीकडची पांढरी ‘गोदावरी’ अधिक माल देतात, हेही खरं. पण उताऱ्याचे आकडे बघून हलक्या रानात लांब मुदतीचा वाण पेरणं म्हणजे पावसावर उधारी करणं.

भावाचं दुखणं मात्र कुठलंच केंद्र सोडवू शकत नाही. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. पुढच्या हंगामात विक्रमी पेरा झाला, भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली आला आणि खरेदी केंद्रांवर बारदान संपून रांगा लागल्या.

शेवटी बियाण्याबद्दल. तुरीच्या फुलावर मधमाश्या येतात आणि शेजारच्या रानातला पराग घेऊन येतात, त्यामुळे घरचं बी दोन-तीन वर्षांत भेसळीचं होतं. पांढऱ्यात लाल दाणे दिसू लागतात आणि रोगाला दाद न देण्याचा गुणही पातळ होतो. घरचंच बी ठेवायचं असेल तर दुसऱ्या वाणाच्या तुरीपासून निदान शंभर मीटर लांबचा तुकडा निवडा, वेगळी दिसणारी झाडं फुलोऱ्याआधी उपटा आणि दर तीन वर्षांनी केंद्राकडून नवं बी आणा.