शेवटच्या बाकावरचे हेडसर

स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिही, असं समितीने मला सांगितलं. मी दोन दिवस कार्यालयात जुनी दप्तरं काढून बसलो. स्थापनेची हकीकत, देणगीदारांची यादी, वर्षावार निकाल हे सगळं मागच्या स्मरणिकेत येऊन गेलं आहे, ते पुन्हा लिहीत नाही. मला एक वेगळीच वही सापडली. १९७२-७३ सालचं मुख्याध्यापकांचं लॉगबुक. ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुख्याध्यापकाने शिक्षकाच्या तासाला बसायचं, काय पाहिलं ते या वहीत लिहायचं आणि खाली त्या शिक्षकाची सही घ्यायची, अशी ही वही असते.

आपली तुकडी १९७५ च्या दहावीची, म्हणजे महाराष्ट्रात दहावीला एसएससी झालेली पहिली. त्याच मार्चमध्ये आपल्या पुढची मुलं जुन्या पद्धतीने अकरावीची एसएससी देत होती, आणि घरोघरी 'यांचं एक वर्ष वाचलं' असं कौतुक व्हायचं. नवा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा आपण आठवीत होतो. गणितात संच आले. ते जसे आपल्याला नवे, तसेच आपल्या गणिताच्या सरांनाही नवे होते, हे तेव्हा आपल्या गावीही नव्हतं.

मी उंच म्हणून शेवटच्या बाकावर. एके दिवशी हेडसर आले आणि माझ्या शेजारी बसले. मी पूर्ण तास पाय आखडून होतो. आठवड्याने पाहतो तर उलटंच! हेडसर फळ्यापाशी आणि गणिताचे सर माझ्या शेजारी. संस्कृत शिकवणारा हा माणूस संच शिकवायला उभा राहिला. 'चमचम' या शब्दातल्या अक्षरांचा संच लिहा म्हणाले आणि स्वतःच फळ्यावर च, म, च, म अशी चार अक्षरं महिरपी कंसात लिहिली. मुलींच्या रांगेतून एकीने हात वर केला, "सर, तोच घटक दोनदा नाही ना लिहायचा?" (ती कोण हे तिला ठाऊक आहे, ती येणार आहे.) हेडसरांनी पुस्तकात पाहिलं, दोन अक्षरं पुसली आणि मागे बघून म्हणाले, "सर, मुलं कुठे अडत असतील ते आता कळलं."

आपण हसलो आणि विसरलो. लॉगबुकात मात्र तो तास नोंदलेला आहे. शिक्षकाच्या नावाच्या रकान्यात हेडसरांनी स्वतःचं नाव घातलंय. शेरा गणिताच्या सरांच्या अक्षरात आहे: घटकाची पुनरावृत्ती, उदाहरणं आणखी हवीत. आणि खाली, जिथे शिक्षकाची सही असते तिथे, हेडसरांची सही.

मी स्वतः पुढे शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. अशी नोंद दुसऱ्या कुठल्याही वहीत मी पाहिलेली नाही. त्याचं कारण आपल्या शिक्षणखात्याच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर शाळेचं अनुदान ठरत असे. डिपोटी यायचे, मुलांची परीक्षा घ्यायचे, त्यावर पैसे मिळायचे. वर्गात येणारा वरिष्ठ म्हणजे हिशेब तपासणारा, ही भीती तेव्हापासून मुरली. ती पद्धत गेली, पण तपासणीच्या आदल्या दिवशी शाळा धुऊन काढायची आणि हुशार मुलं पुढे बसवायची हे आपल्यापर्यंत चालू होतंच की.

दुसरा नमुनाही त्याच काळातला आहे. १८८० च्या जानेवारीत पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आदींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, आणि मुख्याध्यापक झाले वामन शिवराम आपटे, वय अवघं बावीस. त्यांचा कोश सर्वांना माहीत आहे. त्याआधी १८८१ साली त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृत रचनेचं पुस्तक लिहिलं. शाळा चालवणाराच मुलांसाठी पुस्तक लिहीत होता. आपले हेडसर संस्कृतचे, आपट्यांचा कोश त्यांच्या टेबलावर कायम असे. त्यांनी धडा तिथूनच घेतला असं मी म्हणत नाही, पण जात एकच.

पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळासंकुलाची कल्पना मांडली. हायस्कुलाने आजूबाजूच्या प्राथमिक शाळांना धरून चालायचं, शिक्षकांनी एकमेकांकडून शिकायचं. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक मूळ कोल्हापूरकडचे, त्यांना खेड्यातली शाळा कागदावरून समजून घ्यावी लागत नव्हती. कल्पना चांगली होती, बहुतेक ठिकाणी सभांपुरती उरली.

मग १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि १९८१ ची नियमावली. खाजगी शाळेत सर्वांत ज्येष्ठ पात्र शिक्षक मुख्याध्यापक होऊ लागला. या नियमाला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. संस्थाचालकांच्या पाहुण्यांना त्याने आळा घातला. पण ज्येष्ठता म्हणजे दुसऱ्याचा तास पाहता येणं नव्हे, आणि ते शिकवायची सोय नियमात नव्हती.

मीही ज्येष्ठतेनेच त्या खुर्चीत बसलो. शाळेचं नाव सांगत नाही, दोष तिचा नाही. आठ वर्षं होतो. पगारबिलं, संचमान्यता, पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसची माहिती, अतिरिक्त शिक्षकांची प्रकरणं. सकाळी ठरवायचं की आज चौथ्या तासाला नववीत बसू, आणि चौथ्या तासाला पंचायत समितीच्या बैठकीत बसलेलो असायचो. विज्ञानाच्या एक तरुण बाई होत्या. एकदा म्हणाल्या, "सर, अपवर्तन मुलांना कळत नाहीये. एकदा तासाला येऊन बसाल का?" मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येतो.

गेलो नाही. तपासणीचं पत्र आलं तेव्हा एका संध्याकाळी बसून मी तीस तासांच्या नोंदी लिहिल्या. बाईंच्या नावापुढे 'अपवर्तन, पाठ समाधानकारक' असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी वही सहीला पाठवली. बाईंनी नोंद वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

तासाला न जाण्याचं कारण वेळ नव्हता असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. मी मराठीचा माणूस. विज्ञानाच्या वर्गात बसून आपल्यालाच काही कळलं नाही तर, ही धास्ती होती. हेडसरांनी 'चमचम' फळ्यावर लिहिलं तेव्हा ती त्यांना नसेल असं नाही.

आता २०२० च्या राष्ट्रीय धोरणात मुख्याध्यापकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतः शिकावं, त्यात अध्यापनाची पद्धतही असावी, असं म्हटलं आहे. संकुलाची कल्पनाही पुन्हा आली आहे. सध्याच्या मुख्याध्यापक बाईंना मी ते लॉगबुक दाखवलं. त्यांनी उभ्यानेच ते पान वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं, आणि आठवीच्या गणिताचा तास कितवा असतो ते शिपाईमामांना विचारलं.

मेळाव्याच्या दिवशी वही ग्रंथालयातल्या टेबलावर ठेवलेली असेल. पानात लाल दोरा घातला आहे. गणिताचे सर येणार आहेत, त्यांचं अक्षर त्यांना दाखवायचं आहे. विज्ञानाच्या त्या बाईंना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, अजून उत्तर नाही.