मिरीची मिरची झाली, तिथेही आणि इथेही



अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आता हॉटेलात थाई करी सहज मिळते. मुलं ती आवडीने खातात आणि घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘हे परक्यांचं खाणं आपल्याला कशाला?’ त्या ताटात परकं काय आणि आपलं काय, ते आज आपण इतिहासात शोधू या.

थाई जेवणात भात हाच मुख्य. ‘जेवलात का?’ हे विचारताना थाई माणूस ‘भात खाल्लात का?’ असंच म्हणतो. भाताभोवती तीन-चार पदार्थ मांडतात आणि सगळे त्यातूनच वाढून घेतात. आंबट, खारट, गोड आणि तिखट यांचा मेळ जमवणं ही तिथल्या सुगरणीची परीक्षा. आपण चहात घालतो तो गवती चहा तिथे सारात पडतो. नारळाचं दूध आपल्या सोलकढीत, त्यांच्या करीत. मिरची-लसूण खलात कुटून केलेलं ‘नाम फ्रिक’ म्हणजे आपल्या ठेच्याचं लांबचं भावंडच. फक्त त्यात बहुधा खारवून आंबवलेला जवळा असतो, म्हणून शाकाहारी घरांनी आधी विचारून घ्यावं.

पण ही मिरची मूळची ना त्यांची, ना आपली. ती अमेरिका खंडातली. १५११ साली पोर्तुगिजांनी मलाक्का जिंकलं आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथयाच्या दरबारी गेला. अयुथया ही तेव्हाच्या सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची, राजधानी. तिचं नाव आपल्या अयोध्येवरून पडलेलं. इकडे १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टी पोर्तुगिजांना दिली. साष्टी म्हणजे आपलीच उपनगरं आणि ठाणं. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, तोवर दोनशे वर्षं इथे पोर्तुगीज अंमल होता. त्यांच्या व्यापाराच्या वाटांनी मिरची पूर्वेकडे पसरली.

त्याआधी दोन्हीकडे तिखटपणा यायचा तो मिरीचा आणि आल्याचा. नव्या पाहुणीला दोन्हीकडच्या लोकांनी जुन्या ओळखीचंच नाव दिलं. आपण मिरीवरून मिरची म्हटलं. थाई भाषेत ‘फ्रिक’ म्हणजे मिरी. ते नाव मिरचीने घेतलं, आणि बिचाऱ्या मिरीला आता ‘फ्रिक थाई’, म्हणजे आपली थाई फ्रिक, असं वेगळं सांगावं लागतं.

या मिरचीला आपल्या उपनगरांनी कसं आपलंसं केलं, ते मरोळ, अंबोली, गोराईच्या गावठाणांत दिसतं. तिथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांचा बॉटल मसाला प्रसिद्ध आहे. समाजाचं हे इंग्रजी नाव १८८७ सालचं, पण घरची बोली मराठीच. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीसहून अधिक जिन्नस उन्हात वाळवायचे, भाजायचे, लाकडी उखळात बायकांनी तालावर कुटायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे, म्हणजे वर्षभर रंग आणि वास टिकतो. कोणत्याही दोन घरांचं प्रमाण सारखं नसतं.

आता अंगणं गेली आणि इमारती आल्या. मिरच्या वाळवायच्या कुठे? प्रमाण तर आजीच्या हातात, कागदावर नाही. थायलंडच्या ‘तोम याम कुंग’ या कोळंबीच्या आंबट-तिखट साराची २०२४ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत नोंद झाली. आपल्या घरच्या मसाल्याची नोंद कोण करणार? ती आपल्यालाच करायची आहे. मसाला आगरी असो, कोळी असो, मालवणी असो की ईस्ट इंडियन, आज संध्याकाळी वही घ्या आणि घरातल्या मोठ्या बाईजवळ बसा. ती ‘अंदाजाने’ म्हणेल. तिच्या मुठीतला तो अंदाज वजनकाट्यावर ठेवा आणि लिहून काढा.

चारशे-पाचशे वर्षांपूर्वी परकी असलेली मिरची आज आपल्या मसाल्याचा प्राण आहे. तेव्हा मुलांनी थाई करी खुशाल खावी. फक्त आजीचा मसाला कसा करतात, तेही त्यांना ठाऊक असावं.