बंदर मुसाकाजी, नग एक

तुम्ही ओटीच्या पायरीवर बसला आहात, कारण घरात बसायला दुसरं काही नाही. नाटे गावातलं आजोबांचं घर दोन वर्षं खपून उभं केलंत. चिरे खरवडले, कौलं चाळून घेतली, कुजलेले वासे बदलले. आता ओटीवर दोन खुर्च्या तेवढ्या हव्यात. हातातल्या मोबाईलवर जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरवाल्याने पाठवलेला फोटो आहे: तिरके, खाली निमुळते होत गेलेले पाय, वेताची पाठ, पातळ हात. खाली ओळ: 'मिड-सेंच्युरी, सागवान, 1960 च्या आसपासची.' त्याखालची किंमत वाचून तुम्ही फोन पालथा ठेवता.

संध्याकाळी मुसाकाजीच्या धक्क्यावर जाऊन बसता. मच्छीमार लाँचा परतत असतात. तेवढ्यात भोंगा वाजतो. लांबलचक, पोटातून आलेला. असा भोंगा देणारी प्रवासी बोट या किनाऱ्यावरून जाणं बंद झालं त्यालाही आता एक पिढी लोटली.

वळून बघता तर धक्का नाही, समुद्र नाही. मुंबई. मे 1961. तुम्ही मटण स्ट्रीटवर, चोरबाजारात उभे आहात आणि तुमच्याशेजारी पांढरा लेंगा-शर्ट घातलेला चोवीस-पंचवीस वर्षांचा एक पोरगा खुर्ची उलटी करून तिचे पाय हलवून बघतोय. कानाची पाळी ओळखीची आहे. ती तुमच्या आरशात रोज दिसते.

'काय पाव्हणं, कशी वाटते?' तो विचारतो. तुम्ही गिरणगावातल्या त्याच्याच खोलीवर नवीन आलेले कुणी गाववाले असाल असं तो धरून चालला आहे. त्या खोलीत एका वेळी किती जण राहतात हे त्यालाही नेमकं ठाऊक नसावं; रात्रपाळीचे उठले की दिवसपाळीचे आडवे होतात. दिवाळीचा बोनस त्याने सहा महिने पेटीच्या तळाशी दाबून ठेवला होता. तो आज या खुर्चीवर जाणार.

खुर्ची कोरी नाही. दुकानदार सांगतो, कुणा साहेबाची बदली झाली, बंगल्यातलं सामान निघालं. म्हणजे तुम्हाला आज जिचं जुनेपण विकत घ्यायचं आहे ती आजोबांच्या हातीही जुनी म्हणूनच आली. आपल्याकडे फार थोड्यांनी ही आधुनिक खुर्ची कोरी करकरीत पाहिली. बाकीच्यांच्या घरी ती कुणीतरी बसून झाल्यावर आली.

बघायला मात्र आजोबांकडून शिकावं. तो आधी बसत नाही, उलटी करतो. बैठकीच्या चौकटीला कडेने ओळीत भोकं आहेत आणि वेताच्या पात्या एकेका भोकातून ओवून विणल्या आहेत. (तुमच्या काळात तयार जाळी आणून खाचेत पट्टीने दाबतात. दुरून दोन्ही सारखंच दिसतं.) सांध्यांत लाकडात लाकूड बसवलंय. चार स्क्रू आहेत, एका सरळ खाचेचे. तो बैठकीच्या आतल्या बाजूला नखाने ओरखडा काढून वास घेतो. सागाला तेलकट, किंचित कातड्यासारखा वास असतो, आणि पॉलिश कितीही चढवा, न रंगवलेल्या आतल्या बाजूला तो राहतो. शेवटी हातांच्या टोकांवरून तळवा फिरवतो. तिथे साहेबाच्या घामाने लाकूड काळपट, गुळगुळीत झालंय. ती झीज पॉलिशवाल्याला करता येत नाही.

मग घासाघीस. सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावरून सुरुवात, दोनदा निघून जाणं, तिसऱ्यांदा हाक.

सौदा झाल्यावर इराण्याकडे चहा. तिथल्या खुर्च्या वेगळ्या, वाकवलेल्या गोल लाकडाच्या. ती जात व्हिएन्नाच्या थोनेटची: 1859 सालचा 14 नंबरचा नमुना, लाकडाचे सहा तुकडे आणि काही स्क्रू-नट. सुट्या केल्या की एक घनमीटर खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून तर त्या जगभर पोचल्या. आजोबा तसल्याच एका खुर्चीवर रेलून तुमच्याकडून हा इतिहास ऐकतो आणि विचारतो, 'मग ही आपली सुटी होत नाय काय? बोटीवर बरी पडली असती.'

होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावर ती अखंडच डोक्यावर येते. आजोबाने बैठकीच्या खाली काळ्या रंगाने लिहिलंय: 'मु. पो. नाटे, बंदर मुसाकाजी, नग एक.' अक्षर शाळेतलं, शिरोरेघ सरळ. धक्क्यावर ट्रंका, वळकट्या, पत्र्याचे डबे, रडणारी पोरं. पाऊस तोंडावर आलाय. आता ज्याची बोट चुकली त्याला नारळी पौर्णिमेनंतरच समुद्र. डेकवर जागा धरायची रीत ठरलेली: आधी चादर फेकायची, मग त्या चादरीवरून भांडायचं. खुर्चीने चादरीएवढीच जागा अडवली म्हणून दोन बायका आजोबाला चांगलं सुनावतात. तासाभराने त्यांतल्याच एकीला बोट लागते आणि तिला खुर्चीवर बसवावं लागतं. मग दुसरीला. मग रत्नागिरीला उतरणाऱ्या एका मास्तरांना. घरी पोचण्याआधी ती खुर्ची निम्मा डेक बसून बघतो. आजोबा कठड्याला टेकून उभा. तो स्वतः अजून एकदाही बसलेला नाही.

समुद्र बघता बघता तुम्ही त्याला सांगता की याच सुमारास पंजाबच्या नव्या राजधानीत, चंदीगडला, पिएर जान्नरे नावाचा वास्तुविशारद अशाच सागाच्या नि वेताच्या खुर्च्या सरकारी कचेऱ्यांसाठी करवून घेतोय. ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ. पाय उलट्या व्हीसारखे. कारकुनासाठी, वाचनालयासाठी, कोर्टासाठी. पुढे त्या मोडतील, आवारात पावसात पडून राहतील, भंगारात निघतील. परदेशी व्यापारी त्या उचलतील, डागडुजी करतील आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावात एकेकीला लाखांचे भाव येतील. 2011 साली केंद्राच्या गृहखात्याला या वस्तू विकू नका, बाहेर जाऊ देऊ नका असा हुकूम काढावा लागेल. पण पुरावस्तूंचा 1972 चा कायदा शंभर वर्षांपुढच्या वस्तूंना, त्यामुळे लिलाव चालूच राहतील.

'सरकारने खुर्ची भंगारात काढली?' आजोबाला लाखांपेक्षा याचं नवल वाटतं. 'खुर्ची?'

(इम्स दांपत्य, चार्ल्स आणि रे, 1958 मध्ये भारत सरकारसाठी अहवाल लिहून गेलं, त्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. खुर्च्यांसाठी जगभर नावाजलेल्या या जोडप्याने इथे भरभरून कौतुक केलं ते लोट्याचं. साहजिक आहे. आपलं बसणं पाटावर, घोंगडीवर, जमिनीवर. खुर्ची आपल्याकडे आसन म्हणून आलीच नाही, हुद्दा म्हणून आली.)

रात्री उशिरा बोट मुसाकाजीसमोर थांबते. किनारा दूर, काळोखात दोन-चार कंदील. पडाव बोटीला येऊन भिडतो, लाटेसरशी वर येतो नि खाली जातो, आणि माणसांनी तो वर असतानाच उतरायचं. पोरं, ट्रंका, म्हाताऱ्या हातोहात जातात. खुर्ची देताना खलाशी ओरडतो, 'ही कुणाची?' आजोबा 'माझी' म्हणतो आणि त्याचा आवाज चिरकतो. वाळूच्या अलीकडे गुडघाभर पाण्यात उतरून तो ती डोक्यावर घेतो, बैठक डोक्यावर, पाय आभाळाकडे. कंदिलाच्या उजेडात त्याची सावली चार शिंगांच्या जनावरासारखी सड्यावरून पुढे पुढे जाते.

पणजोबा ओटीवर जागे आहेत. खांद्यावर कांबळं, अंगात बंडी. खुर्ची खाली ठेवली जाते. पणजी दाराआडून बघते. कुणीच बोलत नाही.

तुम्हाला इथे थोडं आधीचं माहीत असायला हवं. या म्हाताऱ्याचं सारं आयुष्य खोतीत गेलं. खोताच्या ओटीवर खुर्ची खोताची. कुळाने अंगणात, उभ्याने बोलायचं. मक्ता द्यायचा तोही उभ्यानेच. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक 1937 च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, जानेवारी 1938 मध्ये कोकणातली कुळं मुंबईत मोर्चाने गेली, तरी कायदा व्हायला 1949 उजाडलं. जमीन कागदावर नावची झाली त्याला आता दहा-बारा वर्षं झालीत. गुडघ्यांना मात्र अजून वर्दी मिळालेली नाही.

'बसा ना, आबा,' आजोबा म्हणतो.

'बसतो.'

ते खुर्चीभोवती एक फेरी मारतात. वेतावर बोटाने टिचकी मारतात, ढोलकीवर मारावी तशी. 'कितीक पडली?' आजोबा खोटा, कमी आकडा सांगतो. मग म्हातारा सावकाश खाली बसतो, जमिनीवर, आणि पाठ खुर्चीच्या पुढच्या पायांना टेकवतो. चंची सोडतो. 'बरी हाय,' म्हणतो. 'टेकाया बरी हाय.'

तुम्ही थोडे दिवस थांबलात तर दिसतं की खुर्चीवर पोस्टमन बसतो, मास्तर बसतात, एकदा तलाठीही. दुपारी घरात कुणी नसताना पणजी तिच्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसते आणि पाऊल वाजलं की उठते. पावसाळ्यात वेत ओलसर होऊन सैलावतो, वैशाखात ताणून वाजतो. खाऱ्या हवेने ते चार स्क्रू तांबूस होतात. बैठक फाटते तेव्हा आजोबा ती पुन्हा बोटीने मुंबईला नेतो आणि एका अंध कारागिराकडून विणून आणतो. त्या काळी अंधशाळांतून वेत विणणं शिकवत, आणि बोटांनी भोकं मोजणाऱ्याची वीण डोळसापेक्षा सारखी येई.

पुढची वर्षं भराभर जातात. बोट बंद होते, एसटी येते, वीज येते. आणि मग एका मे महिन्यात तुम्ही स्वतःलाच अंगणात बघता, दहा-अकरा वर्षांचे, हातात आंबा. टेम्पो उभा आहे. मुंबईहून आलेले काका जुनं सामान काढतायत. तांब्याचा हंडा, शिसवी पेटी, कोरीव लाकडी तुळई आणि ती खुर्ची. बदल्यात सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, चॉकलेटी, एकात एक बसणाऱ्या, धुवायला सोप्या. काकांना दोष देऊ नका. लग्नकार्याला त्या सहा जण बसवतात आणि वाळवी त्यांना खात नाही. चंदीगडच्या कचेऱ्यांनी वेगळं काय केलं? टेम्पो वळतो तेव्हा खुर्ची वरती उलटी बांधलेली असते. बैठकीखालची काळी अक्षरं तुम्ही वाचता, 'नग एक' पर्यंत.

भोंगा नाही, काही नाही. मुसाकाजीचा धक्का, अंधार, डासांनी पाय फोडून काढलेले. लाँचवरचे दिवे लागलेत.

तुम्ही फोन सुलटा करता आणि जोगेश्वरीच्या व्यापाऱ्याला लिहिता: खुर्ची उलटी करून खालचा फोटो पाठवा.

दोन निळ्या रेघा येतात. मग बराच वेळ काही नाही. मग फोटो. वेताची जाळी खाचेत पट्टीने दाबलेली, पट्टीच्या कडेला फेव्हिकॉलचा सुकलेला ओघळ. सांध्यावर चकचकीत स्क्रू, फुलीच्या खाचेचे. बाकी खालची बाजू कोरी, एकही अक्षर नाही.

लगेच खाली ओळ उमटते: 'हंड्रेड पर्सेंट ओरिजिनल आहे सर. चार घेतल्या तर नाट्यापर्यंत टेम्पो फ्री.'