श्रोत्यांविना मैफल

गायक दिसत नाही, गाणे मात्र कानी येते, हा अनुभव नभोवाणीच्या श्रोत्यांना नवा नाही. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे सभागृहे बंद पडली, तेव्हा उलटाच प्रसंग उद्भवला. वादक दिसू लागला; त्याला मात्र समोर कोणीच दिसेना. १२ मार्च रोजी बर्लिनमध्ये पियानोवादक इगोर लेविट यांनी घरी बसून बेथोव्हेनचा 'वाल्डस्टाइन' सोनाटा वाजविला व ट्विटरवरून जगाला ऐकविला. अशा ५० हून अधिक मैफली झाल्या. पुढे ३० मे रोजी एका स्टुडिओत त्यांनी एरिक सातीची एकच लहानशी रचना ८४० वेळा वाजविली. त्यास १५ तासांहून अधिक वेळ लागला. तिच्या स्वरलिपीची पाने विकून येणारा पैसा काम गमावलेल्या कलावंतांसाठी होता. टाळ्यांवाचून वादन चालू शकते. बिदागीवाचून वादकाचे घर चालत नाही.